पावसाळी गरवणं : इयत्ता पहिली

हे गाईड डाव्या हाताने लिहिलेलं आहे, तेव्हा अक्षराकडे दुर्लक्ष करावं. उजवा हात सध्या बादलीत आहे. तो तिथे कशासाठी आहे ते पुढे येईलच. शेवटचं पान आधी उघडून उत्तरं बघायची शाळेतली खोड इथे कामाची नाही.

लेखकाची पात्रता काय, असं कुणी विचारील. गेली नऊ वर्षं आषाढात चार दिवस रजा टाकून मी मालवण तालुक्यातल्या आजोळी जातो आणि तिथल्या पुळणीवर उभा राहून मासे गरवतो. नऊ वर्षांनंतरही मी नवशिकाच आहे, आणि नवशिक्यांसाठी नवशिक्यानेच लिहावं असं माझं मत आहे. ज्याला खरोखर येतं तो लिहायला बसत नाही. आजोळच्या शेजारी एक म्हातारे तांडेल राहतात. उभा जन्म होडीवर काढला, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काठावरून गरवतात. त्यांना पहिल्या वर्षी विचारलं, "आबा, सुरुवात कशी करायची?" ते म्हणाले, "गरी टाक," आणि विडी पेटवली. एवढ्यावर पुस्तक होत नाही.

विषयप्रवेश

गरवणं म्हणजे गरीने, शहरी भाषेत गळाने, मासा धरणं. ते दिवाळीनंतर छान उन्हात, कोरड्या वाळूवर बसूनही करता येतं. मग पावसातच का?

एक कारण सरकारी आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते; माशांच्या विणीचे दिवस म्हणून, आणि दर्याचा भरवसा नाही म्हणूनही. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात. ताटात सुकट, नाहीतर खारवलेला बांगडा. अशा दिवसांत पुळणीवर काठी घेऊन उभा असलेला माणूस गावाला उपयोगी वाटू शकतो. अजून तसं कुणी बोलून दाखवलेलं नाही.

खरं कारण समुद्राच्या पोटात आहे. पाणी नितळ असलं की मासा काठाला यायला कचरतो. लाटा चढल्या की तळाची वाळू ढवळते, तिच्यात पुरून बसलेल्या तिसऱ्या, किडे, बोटाच्या पेराएवढे खेकडे उघडे पडतात, आणि गढुळाच्या आडोशाने मोठा मासा त्यांच्या मागे थेट काठापर्यंत येतो. दुसरीकडे नद्यांचं गोडं पाणी खाडीतली कोळंबी आणि बारीक बोयटं बाहेर लोटतं, त्यामुळे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा जागी तांबोशी आणि जिताडा तोंड उघडून वाट बघत असतात. जिताड्याबद्दल एक जादा माहिती, परीक्षेत येत नाही तरी: हा मासा आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. तेव्हा "भलामोठा जिताडा निसटला हो" असं म्हणून हळहळणारा माणूस बहुधा लिंग चुकत असतो.

साहित्य

काठी, 12 ते 14 फुटी. ही दोन तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकडा कोकणकन्येच्या बर्थपेक्षा लांब असतो, हे गाडीत चढल्यावर कळतं. काठी शक्यतो कार्बनची घ्यावी असं दुकानदार सांगतो. कार्बन हलका असतो, मजबूत असतो आणि विजेचा उत्तम वाहक असतो. यातले पहिले दोन गुण दुकानदार सांगतो. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा जास्त, भर आषाढात त्या मानाने कमी. पण गडगडाट कानावर आला की काठी वाळूवर आडवी टाकून पक्क्या घरात पळायचं. सपाट पुळणीवर सगळ्यांत उंच वस्तू आपल्या हातात असते, आणि ती आपण स्वतः पैसे देऊन आणलेली असते.

रील मोठं, सहा ते आठ हजार नंबरचं. त्यावर गुंडाळायचा दोरा. त्याच्या पुढे जाड तंगूस, काठीच्या लांबीच्या दुप्पट. हा जाड तंगूस विसरू नये. शिशाच्या दर औंसामागे, म्हणजे 28 ग्रॅमला, दहा पौंड ताकदीचा तंगूस असा जगभरचा ठोकताळा आहे. वादळी पाण्याला 150 ग्रॅमचं शिसं लागतं, तेव्हा पंचावन्न पौंडांच्या खाली जायचं नाही. पातळ दोऱ्याने ते शिसं भिरकावलं तर दोरा मधेच तुटतो आणि शिसं गोफणीच्या दगडासारखं सुटतं. फेकण्याआधी मागे, पुढे आणि दोन्ही बाजूंना कोण आहे ते बघावं. ही ओळ विनोदी नाही.

शिसं तारेचे पाय असलेलं घ्यावं. ते पाय वाळूत रुततात आणि ओढीत शिसं जागचं हलत नाही. गोल गुळगुळीत शिसं लाटेबरोबर फिरायला निघतं आणि शेजाऱ्याच्या दोऱ्यात जाऊन संसार थाटतं.

आमिष म्हणून कोळंबी, तारली किंवा माकुलाची पट्टी. कोळंबी सगळ्यांना आवडते, पण उसळत्या पाण्यात ती दोन लाटांत गरीवरून सुटते. माकुल चिवट, टिकून राहतं. कोळंबीच लावायची असेल तर बारीक लवचीक दोऱ्याने गरीला गुंडाळून घ्यावी. बंदीच्या दिवसांत बाजारातून आमिषाची कोळंबी आणताना ती घरातल्यांच्या नजरेस पडू देऊ नये. मामीने एकदा पिशवीत डोकावून, "ही माशांका घालतलंस?" एवढंच विचारलं होतं. त्या दिवशी मी माकुल लावलं आणि कोळंबीचं सुकं खाल्लं.

पायात काही नाही. गमबूट अजिबात नको. पाणी वरून आत शिरलं की ते दोन बादल्या होतात आणि लाट परतताना माणसाला सोबत घेऊन जाते. पाय मात्र उचलून टाकू नयेत, वाळूत घासत न्यावेत. खाली पाकट बसलेली असली तर ती आपल्या सरपटण्याने निघून जाते. पाय थेट तिच्या पाठीवर पडला तर ती शेपटीने उत्तर देते.

तुलनेसाठी तांडेलांचं साहित्य: पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, एक शिसं, दोन गऱ्या, आगपेटी.

वेळ

भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही, पंचांगातली तिथी लागते. तिथीला पाऊणने गुणावं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; त्या सुमारास भरती पूर्ण. हा हिशोब मुंबईच्या पाण्याचा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, म्हणून मालवणकडे ती पाऊण-एक तास आधी येते. पहिल्या वर्षी मी मुंबईच्या हिशोबाने गेलो आणि उतरत्या पाण्याला दोन तास आमिष दाखवत बसलो.

भरती चढत असतानाचे शेवटचे दोन तास सगळ्यांत चांगले. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, त्यात वारा चढलेला असताना, गरवायला जाऊ नये, कारण उभं राहायला पुळणच उरत नाही. पाणी माडांच्या मुळांपर्यंत येतं. नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे मंद भरतीचे दिवस, गाठावा.

आता हवामान. पावसाळ्यात खात्याचा इशारा बहुतेक एकाच चालीवर येतो: वारा ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65 किलोमीटरपर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. नवशिका हे वाचून म्हणतो, समुद्रात जाऊ नये म्हटलंय, काठावर उभं राहू नये असं कुठे म्हटलंय? मीही म्हणालो होतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा होता. तांडेल ओट्यावर बसले होते. म्हणाले, "झिला, आज गरी नको. आज चाय पी." मग आम्ही चहा प्यायलो आणि ओट्यावरून दर्या बघितला. तो या नऊ वर्षांतला माझा सगळ्यांत यशस्वी दिवस, कारण काहीच हरवलं नाही.

चक्रीवादळासाठी या गाईडमध्ये धडा नाही. 3 जून 2020 ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या समोरून नुसतं जाताजाता गेलं, जमिनीवर चढलं ते थेट गुजरातेत, तरी आजोळच्या घरावरची कौलं अंगणात आली. त्या दोन्ही वेळी तांडेलांनी होडी माडाला बांधली, दार लावलं आणि आत बसले. गरीचं नाव कुणी काढलं नाही.

जागा

हे प्रकरण सावकाश वाचावं, कारण सगळा विषय इथेच आहे.

पुळणीवर पोचल्याबरोबर पाण्याकडे धावू नये. वर, ओल्या वाळूच्याही मागे, वीस मिनिटं नुसतं उभं राहावं. सातवी लाट मोठी असते असं आपल्याकडे म्हणतात. सातच्या आकड्याला आधार नाही, पण लाटा कळपाने येतात हे खरं. कमी-जास्त लांबीच्या लाटा एकमेकींवर चढल्या की चार-पाच दांडग्या येतात, मग थोडी शांतता, मग पुन्हा. नवशिका नेमका त्या शांततेत पुढे जातो. सगळ्यांत मोठी लाट कुठवर पोचते ते बघून तिच्याही मागे आपली जागा ठरवावी, आणि पाणी घोट्याच्या वर आलं की मागे सरावं.

आता लाटा कुठे फुटतात ते बघा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे फेसाची रांग हा समुद्राने स्वतः काढून दिलेला नकाशा आहे: जिथे पांढरं, तिथे उथळ. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओरबाडून नेतात आणि थोड्या अंतरावर बांधासारखी टाकतात. लाट त्या बांधावर एकदा फुटते, मग जरा सावरते, आणि काठाशी दुसऱ्यांदा फुटते. ती मधे सावरते तिथे चर आहे. त्या चरात वाहून आलेलं सगळं खाणं साठतं, आणि मासा तिथेच, काठाला समांतर, वरखाली फिरत असतो. कधी कधी हा चर काठापासून पंधरा-वीस पावलांवर असतो.

मग एक जागा अशी दिसते की जिथे लाटा फुटतच नाहीत. पाणी गडद, वरून सपाट, दोन्ही बाजूंना फेस आणि मधे जणू रस्ता. नवशिक्याला वाटतं, वा, ही शांत जागा. तिथे बांध तुटलेला असतो, आणि काठावर चढलेलं सगळं पाणी तिथून परत आत धावत असतं. जोर असला तर सेकंदाला दोन मीटर. आपण पोहतो त्याच्या दुप्पट वेगाने. माशांना ही जागा आवडते, कारण ताट आपोआप पुढे सरकतं. गरी तिच्या कडेला टाकावी. आपण स्वतः मात्र तिच्यासमोर पाण्यात उभं राहू नये. कुणी ओढला गेलाच तर काठाच्या दिशेने झगडू नये, तरंगत राहून आडवं, किनाऱ्याला समांतर निघावं. 'ही शांत जागा' या एका गैरसमजापायी दरवर्षी पर्यटकांचे जीव जातात.

घटक चाचणी

रिकामी जागा भरा: लाट फुटत नाही ती जागा ______ असते. (शांत / खोल आणि ओढीची)

कारणे द्या: गमबूट घालून गरवू नये.

जोड्या लावा: उधाण, भांग, बावटा, चहा, काठी, पुळण नाही.

एका वाक्यात उत्तर लिहा: कार्बनच्या काठीचा तिसरा गुण कोणता?

फेक

उजव्या खांद्यावरून काठी मागे न्यावी, शिसं वाऱ्यावर झुलू द्यावं आणि सगळा जीव एकवटून पुढे झोकावं. नैर्ऋत्येचा वारा समोरून येत असल्याने शिसं उंच फेकलं तर ते वर जातं, विचार करतं आणि पायाशी परत येतं. म्हणून फेक खालून, सपाट. मी चार वर्षं या एका गोष्टीचा सराव केला. गच्चीवर केला, मैदानावर केला, वॉचमनने हटकलं तरी केला. पाचव्या वर्षी आजोळच्या पुळणीवर वाऱ्याच्या नाकावर टिच्चून माझं शिसं बाहेरच्या बांधाच्याही पलीकडे पडलं. नव्वद मीटर तरी असेल. आजूबाजूला बघितलं. पाच-सहा पोरं, एक कुत्रा आणि तांडेल. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तांडेलांनी बाटलीवरचा तंगूस सोडला, शिसं डोक्यावर दोनदा गरगरवलं आणि पंधरा पावलांवर टाकलं. विडी संपायच्या आत बाहेर काढली ती दीड वीत तांबोशी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मासो तुझ्या पायाकडे आसा, तू खय बघतंस?"

इथे मला थोडं गंभीर व्हावंसं वाटतं. सगळी महागडी सामग्री लांब फेकण्यासाठी बनवलेली असते, आणि वादळी दिवशी मासा लांब नसतो. तो काठाला आलेला असतो, त्यासाठीच तर आपण भिजत उभे असतो. दुकानात मात्र पंधरा पावलांची काठी मिळत नाही. मिळाली तरी मी घेणार नाही. नव्वद मीटरची चटक वाईट असते.

वाट बघणं

गरी टाकल्यावर काठी वाळूत रोवावी आणि तिच्या टोकाकडे बघत राहावं. टोक तीन प्रकारे हलतं. लाटेने हललं तर ते ठरावीक ठेक्यात वाकतं आणि सरळ होतं. माशाने हललं तर दोन-तीन बारीक ठोके, मग एक झटका. आणि टोक हळूहळू, ठामपणे, अजिबात धक्का न देता वाकत गेलं तर ती पिशवी.

पिशवी हा पावसाळी किनाऱ्यावरचा सर्वांत हमखास झेल. आपण वर्षभर ओढ्यात, गटारात, नदीत सोडलेलं सगळं आषाढात समुद्र काठावर परत आणून टाकतो. माझ्या गरीला आजवर दुधाच्या पिशव्या, जाळ्याचे तुकडे, एक डावी चप्पल आणि लग्नाच्या जेवणावळीतला टेबलाचा कागद लागला आहे. लागलेलं सगळं घरी न्यावं, परत पाण्यात टाकू नये. फेसात निळसर फुगा दिसला तर त्याला हात लावू नये. ती निळी बाटली, तिचे तंतू दूरवर पसरलेले असतात आणि वाळूवर मरून पडली तरी डसतात.

मासा लागल्यास

या प्रकरणाचा अनुभव मला आजवर फार कमी होता. काल आला.

काल षष्ठी, पाणी चढतं, वारा बरा. दोन तास बांधापलीकडे गरी टाकून काही हाती आलं नाही. कंटाळून घरी निघालो म्हणून दोरा गुंडाळायला घेतला. शिसं बांधावरून घसरलं, चरात आलं, काठापासून वीसेक पावलांवर. आणि टोकाने ठोके दिले. मग झटका. रील ओरडलं. मी ओरडलो. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

मासा लागल्यावर करायचं ते असं: काठी उभी ठेवावी, दोरा ढिला पडू देऊ नये, ओढाताण करू नये. येणाऱ्या लाटेबरोबर गुंडाळावं आणि परतणाऱ्या लाटेला थांबावं. लाटच त्याला काठावर आणून ठेवते. हे सगळं मी बरोबर केलं. दहा मिनिटांत वाळूवर आला तो शिंगाळा. राखाडी पाठ, मिशा, हातभर लांब. तांबोशीइतका मान त्याला नाही, पण आमटी उत्तम होते, आणि तो माझा होता.

शिंगाळ्याबद्दलही एक जादा माहिती. समुद्रातल्या शिंगाळ्यांमध्ये नर अंडी तोंडात धरून वाढवतो, कितीतरी दिवस, आणि तोवर काही खात नाही. तेव्हा माझ्या गरीला जो लागला त्याच्यावर निदान काल तरी पोराबाळांची जबाबदारी नव्हती, याचं मला समाधान आहे.

या माशाला तीन काटे असतात: एक पाठीवर, दोन बाजूंना. करवतीसारखे दातेरी, विषारी, आणि मासा घाबरला की ताठ उभे राहून तिथेच अडकतात. त्याला हाताने धरू नये. जाड फडका टाकून पक्कडीने गरी सोडवावी, नाहीतर तंगूस कापून टाकावा. गरी दहा रुपयांची असते. हे वाक्य मी याच गाईडच्या पहिल्या खर्ड्यात, मुंबईत, पंख्याखाली बसून लिहिलेलं होतं. पुळणीवर मात्र पोरांनी विचारलं, "दाखवा, दाखवा," आणि मी त्याला उजव्या हातात उचलून दाखवला.

इलाज: काटा आत तुटला नाही ना ते बघावं. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. या विषाची कळ उष्णतेने उतरते. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, चांगल्या हाताने आधी बघावं, कारण दुखऱ्या हाताला अंदाज राहत नाही. मग डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. मी कालच घेतलं. आज पुन्हा ठणका लागला म्हणून मामीने सकाळीच बादली मांडली आहे.

तांडेल मघाशी डोकावून गेले. "काय गावला?" म्हणाले. मी बादलीतला हात वर करून दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून नीट बघितला, आपल्या अंगठ्यावरचे तीन जुने व्रण शेजारी धरले आणि चहा मागवला.

स्वयंपाकघरातून वास येतोय, शिंगाळ्याच्या आमटीत तिरफळं पडली असावीत. पाणी निवत चाललंय. मामी आतून विचारतेय, आधणातलं आणखी आणू की हात काढून जेवायला बसतंस.